प्रकाश आणि जखम

पायाला खुरपे लागले की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, “उन्हाला बस जरा, जखम वाळेल!” या सांगण्यात खरे किती, ते आज पाहू.

प्रकाश औषध होऊ शकतो, हे खरेच. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केला. दिव्याच्या झोतातली उष्णता ते पाण्याने अडवीत आणि उरलेला प्रकाश भिंगातून रोग्याच्या त्वचेवर सोडीत. या कामासाठी त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे गुण उन्हाच्या चटक्याचा नव्हे, प्रकाशाचा!

पुढे १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये डॉ. एंद्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून तीवर लेसरचा मंद तांबडा किरण सोडला. त्याने अपाय होतो का, हे त्यांना पाहायचे होते. झाले भलतेच! तिथले केस लवकर उगवले. मग भरून न येणाऱ्या जखमांवरही त्यांनी हा किरण वापरून पाहिला.

तांबडाच प्रकाश का? शिक्षकमित्रहो, वर्गात अंधार करून पेटत्या बॅटरीच्या काचेवर बोटे ठेवायला सांगा. बोटे लालभडक दिसतील. निळा-हिरवा प्रकाश रक्तात जिरतो, तांबडा आत खोल जातो. पेशींत शक्ती तयार करणारे बारीक कण असतात. हा प्रकाश त्यांना चालना देतो, असे शास्त्रज्ञ मानतात. कर्करोगावरील उपचारांत तोंडाला होणाऱ्या जखमांसाठी आज हा उपाय केला जातो. मधुमेहाच्या जखमांवर प्रयोग चालू आहेत.

मग पाय उन्हात धरायला काय हरकत? माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तेच केले. त्यांना मधुमेह होता, पाय बधिर झालेला. भर दुपारच्या उन्हाचा चटका त्यांना कळलाच नाही. जखम भरायची राहिली बाजूला, भोवतीची कातडी भाजली! दवाखान्यातला प्रकाश मोजून दिलेला असतो. आपले ऊन मोजलेले नसते.

तेव्हा मंडळी, जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने झाका. माती, तंबाखू, चुना लावू नका. धनुर्वाताच्या सुईबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि घरात मधुमेही माणूस असेल, तर रोज रात्री दिव्याच्या उजेडात त्याचे तळपाय पाहा. जखम दिसली, तर दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या. प्रकाशाचा एवढा उपयोग तर आपल्याला घरीच करता येईल!