सॉफ्टवेअरचा नकाशा दिसायला भारी, पण कामाचा आहे का? हे असं तपासतात

१ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतला शेअर बाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीच्या सॉफ्टवेअरने भराभर नको ते सौदे करायला सुरुवात केली. साधारण ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलर्सच्या घरात फटका बसला. चौकशीत कळलं की नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, पण तो सातवरच टाकला गेला. आठव्यावर वापरातून काढलेला जुना कोड तसाच पडून होता, तो त्या दिवशी जागा झाला.

आता समजा, त्या कंपनीच्या भिंतीवर त्यांच्या सॉफ्टवेअरचा छान रंगीत नकाशा लावलेला असता. उपयोग झाला असता का?

नकाशा कसला, त्यावर ते अवलंबून आहे. कोडचे भाग एकमेकांशी कसे जोडलेत हे दाखवणाऱ्या चित्रात सर्व्हर नसतातच. कोणता कोड कोणत्या मशीनवर चालतो, हे दाखवायला वेगळं चित्र लागतं. फिलिप क्रुख्तेन यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. एका चित्रात सगळं कोंबू नका, चार बाजूंनी चार चित्रं काढा आणि वापराच्या खऱ्या प्रसंगांनी ती एकमेकांशी जोडा. या पद्धतीला ४+१ म्हणतात.

सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर म्हणजे त्याचे मोठे भाग कोणते आणि कोणाचं कोणावाचून अडतं, याचा आराखडा. कोड लाखो ओळींचा असतो. हिंजवडीत काय नि कॅलिफोर्नियात काय, नव्याने टीममध्ये आलेला माणूस तो सगळा वाचू शकत नाही. म्हणून चित्रं. पण चित्र काढणाऱ्याला आपलं चित्र स्पष्टच वाटतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कोडचं शहर

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे कोडसिटी. स्वित्झर्लंडच्या लुगानो विद्यापीठात रिचर्ड वेटेल आणि मिकेले लांझा यांनी ते तयार केलं. कोडमधला प्रत्येक क्लास म्हणजे एक इमारत. क्लासमध्ये जितकी फंक्शन्स जास्त, तितकी इमारत उंच. त्यात साठवलेली माहिती जितकी जास्त, तितका तिचा पाया रुंद. आणि अनेक क्लास एकत्र ठेवणारं पॅकेज म्हणजे एक पेठ. सगळा पसारा एकाच क्लासमध्ये कोंबलेला असेल तर तो बुटक्या घरांच्या मधोमध उभ्या टॉवरसारखा लगेच नजरेत भरतो.

दिसायला झकास. पण हे लोक तिथे थांबले नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं काम महत्त्वाचं आहे. २०११ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठांतले आणि कंपन्यांतले मिळून ४१ जण घेतले. काहींना कोडसिटी दिली, तर बाकीच्यांना एक्लिप्स हे रोजच्या वापरातलं सॉफ्टवेअर आणि एक्सेलमध्ये भरलेली आकडेवारी. प्रश्न दोन्ही गटांना सारखेच. कोडसिटीवाल्यांची उत्तरं २४ टक्क्यांनी जास्त बरोबर आली आणि त्यांना वेळ १२ टक्के कमी लागला.

यातली एक्सेलची गोष्ट लक्षात घ्या. समोरच्या गटाला रिकाम्या हाताने बसवलं असतं तर कुठलंही चित्र जिंकलं असतं!

म्हणून कोडसिटी सगळ्यात उत्तम, असं मात्र नाही. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की माणूस एका पट्टीवरच्या बिंदूंची तुलना नेमकी करतो, घनफळाचा अंदाज मात्र चुकवतो. त्यात पुढची इमारत मागच्या इमारतीला झाकते. सगळ्यात मोठा क्लास कुठे आहे, हे शहर झटकन सांगेल. दोघांपैकी एक किती टक्क्यांनी मोठा, हे विचाराल तर साधा बार चार्ट बरा.

बाण की तक्ता?

ऑफिसात सगळे काढतात ते चौकटी आणि बाणांचं चित्र. त्याला एक रुक्ष पर्याय आहे. आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना सगळ्या भागांची नावं लिहायची आणि संबंध असेल तिथला चौकोन भरायचा, एवढाच तक्ता. फ्रान्समध्ये गोनीम, फेकेत आणि कास्तालिओला यांनी २००४ मध्ये दोन्हींची तुलना केली. निष्कर्ष असा की बिंदू २० च्या पुढे गेले की बहुतेक प्रश्नांना तक्ताच सरस ठरतो. फक्त इथून तिथे जायचा मार्ग शोधायला बाण बरे पडतात.

फक्त २०! मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये भाग शेकड्यांनी असतात.

चित्र लोक मुळात वापरतात का, ही तर त्याहून साधी कसोटी. यूएमएल ही चित्रांची ठरलेली भाषा १९९७ मध्ये मानक झाली, कॉलेजांत शिकवली गेली, परीक्षेत आली. मारियन पेत्रे यांनी ५० व्यावसायिक सॉफ्टवेअर इंजिनिअर्सना तिच्याबद्दल विचारलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. ५० पैकी ३५ जण ती अजिबात वापरत नव्हते.

आणि तरीही बरीचशी नवी चित्रं धड न तपासताच मांडली जातात. लिओनेल मेरिनो आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्रातल्या परिषदांमधले १८१ शोधनिबंध चाळून २०१८ मध्ये आढावा छापला. ६२ टक्के पद्धतींची तपासणी एकतर झालीच नव्हती किंवा कमकुवत होती, म्हणजे एखादा किस्सा किंवा वापराचं एखादं उदाहरण देऊन विषय संपवलेला.

तुमच्या टीममध्ये ही तपासणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. टीममध्ये नवीन आलेल्याला चित्र द्या. ‘कसं वाटतंय?’ असं विचारू नका, ‘छान आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, पेमेंटची सेवा बंद पडली तर आणखी काय काय बंद पडेल? घड्याळ लावा, उत्तर लिहून घ्या आणि प्रत्यक्ष सिस्टीमशी ताडून बघा. एक प्रश्न असाही ठेवा, ज्याचं उत्तर गेल्याच महिन्यात बदललंय. चित्र जुनं झालं असेल तर ते तिथेच पकडलं जाईल.