जांभ्याच्या उतारावरील कुंपण

शहरांत राहणाऱ्या मनुष्यास कुंपण ही कांहीं गहन वस्तु वाटत नाहीं. चार लोखंडी खांब ठोकावे, त्यांवर काटेरी तार ताणावी, कीं काम झालें! सपाट व मऊ जमिनींत ही समजूत बहुतेक खरी ठरते. परंतु मुंबईस किंवा पुण्यास नोकरी करून कोंकणांतील वडिलोपार्जित डोंगरउतारावर हापुसाचीं शेंदोनशें कलमें लावणाऱ्या गृहस्थास ती फार महाग पडते. भात कापून झालें कीं गुरें मोकळीं सुटतात. आणि तीन वर्षें पाणी घालून जगविलेल्या कलमाचा शेंडा खुडण्यास एका गाईस फारसा वेळ लागत नाहीं. कुंपण ज्या रात्रीं पडलें, त्या रात्रींच बागेचीं कित्येक वर्षें मागें गेलीं असें समजावें.

पूर्वीं या कामीं जांभ्या दगडाचा गडगा रचीत. तो आजहि उत्तमच. पण तो रचणारे हात कमी झाले, म्हणून लोखंडी अँगलचे खांब आले.

प्रथम जमीन ओळखली पाहिजे. जांभा हा मोठा विलक्षण दगड. १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत फ्रान्सिस बुकानन यानें मलबारांतील या दगडास विटेच्या लॅटिन नांवावरून 'लॅटराइट' असें नांव दिलें. कारण जमिनींत असतां तो लोखंडी हत्यारानें कापतां येतो, व उघड्यावर वाळला कीं विटेसारखा कठीण होतो. उतारावरचें कवच असेंच वाळून टणक झालेलें असतें; त्याखालीं बहुधा मऊ थर लागतो. म्हणून खांबाच्या डोक्यावर घण मारीत बसणें व्यर्थ होय. डोकें चेपतें, अँगल पिळवटतो, आणि दगडांतील एखाद्या पोकळींत टोंक शिरून खांब भलतीकडेच वळतो. येथें खांब ठोकावयाचा नसतो, खड्डा खणून बसवावयाचा असतो. कवच पहारीनें फोडावें, पुढें अरुंद जागेंतील भुगा करवंटीनें उपसून काढावा. हें काम दिवाळीच्या सुमारास, दगडांत ओल आहे तोंवर उरकावें. मे महिन्यांत तीच पहार उसळून हातांस मुंग्या आणते, आणि मजुरी मात्र दुप्पट घेते.

आतां खोलीचा प्रश्न. खड्डा दोन फूट हवा असें मुकादमास सांगितलें, कीं तो वरच्या कडेपासून दोन फूट मोजून दाखवितो. पण उतार तीस अंशांचा असेल तर एक फूट रुंदीच्या खड्ड्याची खालची कड वरच्या कडेहून सुमारें सात इंचांनीं सखल असते. म्हणजे त्या बाजूस खांबास आधार सतराच इंचांचा मिळतो, व पावसाचें पाणीहि तिकडचीच माती वाहून नेतें. यास्तव माप नेहमीं खालच्या कडेपासून घ्यावें. खांब उभा करावयाचा तो ओळंब्यानें सरळ करावा, उताराशीं काटकोनांत नव्हे. डोळ्यास तो प्रथम कललेला भासतो. तेथें डोळ्याचें ऐकूं नये.

सर्वांत मोठी फसगत होते ती सखल जागेच्या खांबाची. दोन्ही बाजूंनीं चढ असला म्हणजे ताणलेली तार खांबास वर उचलूं पाहते. समजा, तीन तारा आहेत, प्रत्येकीवर १०० किलोचा ताण आहे, आणि दोन्हीकडील चढ दहा अंशांचा आहे. एवढ्यानेंच त्या खांबावर सुमारें १०० किलोची ओढ वरच्या दिशेनें पडते. एक फूट लांबरुंद व दीड फूट खोल काँक्रीटचें वजनहि जवळजवळ तेवढेंच. तेव्हां त्याच्या भारावर विसंबून भागत नाहीं. खड्ड्याचा तळ तोंडापेक्षां रुंद खणावा, म्हणजे काँक्रीट दगडांत अडकून बसतें. वर काँक्रीटचा माथा चोहोंकडे उतरता ठेवावा. लोखंड जेथें जमिनींतून बाहेर येतें तेथें पाणी सांचलें कीं गंज तेथूनच लागतो.

काँक्रीटवर निदान आठवडाभर पाणी मारल्याखेरीज तार ताणूं नये. कोंपऱ्याच्या खांबास, तार ज्या दिशेस ओढते त्या बाजूनें तिरपा टेकू द्यावा. भर दुपारीं तार सतारीसारखी कसून ताणण्याची हौस पुष्कळांस असते. १०० मीटर पोलादी तार वीस अंशांनीं थंड झाली, तर सुमारें २४ मिलिमीटर आंखडूं पाहते. पहाटे हा सारा ताण कोंपऱ्यावर पडतो. थोडी ढील ठेवणें हेंच शहाणपण.

तारेची खरेदीहि नकाशावरून करूं नये. नकाशा आडवें अंतर देतो. तीस अंशांच्या उतारावर नकाशांतील १०० फुटांस प्रत्यक्षांत सुमारें ११५ फूट तार लागते, आणि ती संपते नेमकी वरच्या टोंकाशीं, दुकान दहा मैलांवर असतांना.

जेथें ओहोळ कुंपणास छेदतो, तेथें मुख्य तार पात्रांतून नेऊं नये. दोन्ही कांठांवर भक्कम खांब रोवून कुंपण तेथेंच संपवावें, व मधल्या जागेंत तारेचा निराळा तुकडा कच्चा बांधून लोंबकळत सोडावा. जुलैच्या लोंढ्यांत झाडांच्या फांद्या येऊन अडकल्या, म्हणजे तेवढाच तुकडा तुटून जातो. उरलेलें कुंपण उभें राहतें, आणि पाऊस ओसरल्यावर नवा तुकडा बांधण्यास एक सकाळ पुरते.