छायाचित्र वाचायचे कसे?

पुस्तक वाचायचे असते आणि छायाचित्र नुसते पाहायचे असते, अशी आपली समजूत असते. पण छायाचित्रही वाचावे लागते, आणि ते शिकण्याचे योग्य वय म्हणजे पहिली-दुसरीचे. आज इंटरनेटवर आपल्याच गावांची पुष्कळ छायाचित्रे मिळतात. त्यांच्या मदतीने धाकट्या भावंडांचा भाषेचा आणि चित्रकलेचा तास कसा घेता येईल, ते पाहू.

अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. वालधुनी नदीकाठच्या या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा काळ कोरलेला आहे. इ.स. १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनी येथे येऊन चित्रे काढली, नक्षीचे साचे घेतले. छायाचित्रेही घेतली गेली. कॅमेरा आणि पेन्सिल यांची जोडी या मंदिराने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिली आहे!

ऊन, उजेड आणि सावली

मंदिराच्या दर्शनी बाजूचे, उन्हातले एखादे छायाचित्र मुलांपुढे ठेवा. तुम्ही काही सांगू नका, फक्त विचारा, "काय दिसते?" मुले म्हणतील, दगड, दार, माणूस, सावली. हे शब्द फळ्यावर लिहा. उल्हासनगरसारख्या शहरात एकाच वर्गात घरी मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी मुले असतात. प्रत्येकाला आपापला शब्द सांगू द्या. शब्द वेगळे, चित्र एकच!

मग विचारा, "ऊन कोठे आहे आणि उजेड कोठे आहे?" सावलीतल्या भिंतीवर ऊन नसते, तरी ती आपल्याला दिसते. का? आकाशाकडून आणि आजूबाजूच्या वस्तूंवरून विखुरलेला प्रकाश तिच्यावर पडतो म्हणून. मराठीने या दोन गोष्टींना दोन शब्द दिले आहेत. विज्ञानाला त्यांचे कारण ठाऊक आहे.

आणखी एक गंमत. हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर ऊन दिसत असेल, तर छायाचित्र केव्हा घेतले असावे? अर्थात दुपारनंतर! सकाळी सूर्य मंदिराच्या मागे असतो. घड्याळ नसतानाही चित्राने वेळ सांगितली.

चौकोनांचे चित्र

फोनच्या पडद्यावर छायाचित्र खूप मोठे करत गेलात, तर शेवटी रंगीत चौकोन दिसू लागतात. हे चित्रबिंदू. आडवे ४,००० आणि उभे ३,००० बिंदू असतील, तर एकूण १ कोटी २० लाख होतात. हीच युक्ती कागदावर करा. छापलेल्या चित्रावर पेन्सिलीने सारखे चौकोन आखा, कोऱ्या कागदावर तितकेच मोठे चौकोन आखा आणि एकेका चौकोनातली रेषा उतरवा. 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्या मुलालाही कळस जमतो. रेषा जमली की तिचे नाव सांगायला मूल आपणहून बोलू लागते.

दिसते आणि वाटते

आता दुसरे चित्र. २६ जुलै २०१९ च्या रात्री बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या प्रसंगाची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. मुलांना वहीत दोन रकाने करायला सांगा, 'दिसते' आणि 'वाटते'. 'गाडीभोवती पाणी आहे' हे दिसते. 'माणसे घाबरली आहेत' हे वाटते. आणि हा कोणता दिवस, कोणती नदी? ते चित्र सांगतच नाही! त्यासाठी खात्रीची बातमीच पाहावी लागते.

हा भेद क्षुल्लक नाही. पावसाळ्यात पुराची जुनी छायाचित्रे 'आजची' म्हणून फोनवर फिरतात आणि माणसे विनाकारण घाबरतात. दोन रकाने करायची सवय लहानपणीच लागलेले मूल असे चित्र पुढे पाठवण्यापूर्वी थांबेल. निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवणे ही तर विज्ञानाची पहिली पायरी.

शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. ज्यांच्या वापराला परवानगी आहे अशीच छायाचित्रे घ्यावीत आणि चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव लिहावे. मुलेही ते पाहून शिकतात.

येत्या रविवारी तुमच्या गावाचे एक छायाचित्र शोधा, धाकट्या भावंडाला जवळ बसवा आणि एकच प्रश्न विचारा, "काय दिसते?" उत्तर पूर्ण होईपर्यंत मात्र मध्ये बोलू नका!