सागरी प्रतिबंध आणि १९१८ ची महासाथ : एक तुलनात्मक विचार

एकाच साथीविरुद्ध निरनिराळ्या राष्ट्रांनी योजिलेल्या उपायांची तुलना करू जाता अभ्यासकापुढे एक अडचण हटकून उभी राहते. हवामान, वस्तीची दाटी, वैद्यकीय साधने, लोकांची राहणी ही सर्वच भिन्न असल्यामुळे मृत्युमानातील अंतर उपायांमुळे पडले की परिस्थितीमुळे, याचा निर्णय करता येत नाही. या दृष्टीने १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या वेळचे सामोआ बेटांचे उदाहरण विरळा होय. भाषा, आचार व समाजरचना या बाबतींत एकरूप असलेली ही बेटे त्या वेळी दोन सत्तांत विभागलेली होती : पश्चिमेकडील भाग न्यूझीलंडच्या लष्करी प्रशासनाकडे, पूर्वेकडील अमेरिकेच्या आरमाराकडे.

७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेले 'टालून' हे जहाज पश्चिमेकडील आपिया बंदरास लागले. जहाजावर आजारी माणसे असूनही उतारूंना अटकाव झाला नाही. पुढील काही आठवड्यांत पश्चिम सामोआतील सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक, दगावली. अमेरिकन सामोआचे गव्हर्नर जॉन पॉयर यांनी मात्र साथीचे वृत्त कळताच बंदर बंद केले. तेथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. पूर्वेकडून देऊ केलेले वैद्यकीय साहाय्यही पश्चिमेचे प्रशासक रॉबर्ट लोगन यांनी स्वीकारले नाही. या साऱ्याबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी क्षमा मागितली ती २००२ मध्ये.

पॉयर यांच्या केवळ हुकमाने हे साधले, असे समजणे चुकीचे ठरेल. शेजारच्या बेटांवरून येणाऱ्या होड्या बंदराची वाट थोडीच धरतात! किनाऱ्यावरील पहारा तेथील रहिवाशांनीच दिला. त्यांच्या सहकार्यावाचून तो हुकूम कागदावरच राहता.

तथापि एवढ्याशा बेटावरून मोठ्या राष्ट्राविषयी अनुमान काढणे धाडसाचे आहे. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर १९१८ पासून येणारी जहाजे अडवून ठेवली. पण जानेवारी १९१९ मध्ये रोग मेलबर्नमध्ये प्रकट झालाच. मग तो प्रतिबंध व्यर्थ गेला काय? सुमारे ५० लाख वस्तीच्या ऑस्ट्रेलियात १२ ते १५ हजार मृत्यू झाले. ११-१२ लाख वस्तीच्या न्यूझीलंडमध्ये सुमारे ९,०००. दर हजारी प्रमाण एकीकडे सुमारे तीन, दुसरीकडे सुमारे आठ. न्यूझीलंडची ही सरासरीही फसवी आहे. माओरी लोकांतील मृत्युमान इतरांच्या सात-आठ पट होते.

म्हणून, रोग शेवटी आत शिरला की नाही, एवढ्यावरच अशा प्रतिबंधाची परीक्षा करणे अपुरे आहे. तो मुख्यतः अवधी मिळवून देतो. त्या अवधीत काय करता येते, हे तत्कालीन विज्ञानावर अवलंबून असते. ऑस्ट्रेलियाने त्या काळात सुमारे ३० लाख लसमात्रा तयार केल्या, परंतु त्या जिवाणूंपासून बनविलेल्या होत्या. मानवी इन्फ्ल्युएंझाचा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये!

न्यूझीलंडने १९ मार्च २०२० रोजी परकीयांना सीमा बंद केली तेव्हा ही स्थिती पालटली होती. २०२१ अखेर तेथे कोविडचे मृत्यू सुमारे ५० होते आणि १२ वर्षांवरील ९० टक्क्यांहून अधिक लोकांना लसीच्या दोन मात्रा मिळाल्या होत्या. रोग देशभर पसरला तो त्यानंतर, २०२२ मध्ये.