स्वातंत्र्योत्तर हिंदुमहासभा : जागा चार, मान्यता नाहीं

शास्त्रग्रंथांत ‘पक्ष’ म्हणजे वादांतील एक बाजू. आणि पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून सिद्धांताकडे वळूं नये, हा तेथील दंडक. राजकीय पक्षांचा इतिहास लिहितांनाहि तो पाळावा, म्हणजे पराभूतांची बाजू हरवत नाहीं. स्वतंत्र भारतांतील लहान राष्ट्रवादी पक्षांपैकीं हिंदुमहासभेचा वृत्तांत या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

महासभा १९१५ सालीं हरिद्वारास स्थापन झाली. १९३७ सालीं सावरकर अध्यक्ष झाल्यावर तिला उघड राजकीय पक्षाचें रूप आलें. १५ ऑगस्ट १९४७ च्या नेहरू-मंत्रिमंडळांत महासभेचे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी होते, हें आज पुष्कळांच्या स्मरणांत नसतें.

३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा, आणि पूर्वीं महासभेचा कार्यकर्ता. दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें जळालीं. सावरकरांवर खटला झाला, ल. ब. भोपटकरांनीं त्यांचा बचाव केला व १० फेब्रुवारी १९४९ रोजीं ते निर्दोष सुटले. तत्पूर्वींच, १५ फेब्रुवारी १९४८ रोजीं, कार्यकारिणीनें राजकारण स्थगित केलें होतें.

खरा वाद येथून सुरू होतो. मुखर्जींचें म्हणणें असें कीं, राजकारण करावयाचें तर सभासदत्व सर्वधर्मीयांस खुलें करावें. नाहीं तर राजकारण सोडून सामाजिक कार्य करावें. प्रतिपक्षाचें उत्तर : हिंदूंचें म्हणून जें संघटन उभें राहिलें, त्याचें प्रयोजनच मग काय उरलें? आमच्या मतें दोन्ही बाजू आपापल्या गृहीतांशीं सुसंगत होत्या. म्हणूनच तडजोड झाली नाहीं. कल्याणची वाट शीळफाट्यास मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळते आणि बरोबर आलेले प्रवासी तेथें वेगळे होतात, तसें हें झालें. मुखर्जी १९४८ च्या अखेरीस बाहेर पडले. महासभा १९४९ सालीं राजकारणांत परतली. २१ ऑक्टोबर १९५१ रोजीं मुखर्जींनीं दिल्लीस भारतीय जनसंघ स्थापिला.

१९५१-५२ च्या निवडणुकीपूर्वीं चौदा पक्षांस अखिल भारतीय मान्यता होती. त्यांत हे दोन्ही होते. लोकसभेंत महासभेस चार जागा मिळाल्या : गुणा, ग्वाल्हेर, हुगळी व गोंडा. गुणा व ग्वाल्हेर हे दोन्ही मतदारसंघ वि. घ. देशपांडे यांनीं जिंकले. त्यांनीं ग्वाल्हेर सोडल्यावर पोटनिवडणुकींत डॉ. ना. भा. खरे आले. दोघेहि मराठी, परंतु जागा शिंद्यांच्या जुन्या संस्थानांतील! महाराष्ट्रांत लोकसभेची एकहि जागा पक्षास मिळाली नाहीं. शहरी, उच्चवर्णीय अनुयायी १९४८ नंतर धास्तावलेले, आणि खेड्यांतील काँग्रेसविरोधी शेतकऱ्यास शेतकरी कामगार पक्ष जवळचा. यांतच त्याचें कारण शोधावें लागेल.

आतां जागांपेक्षां मतें पाहावीं. महासभेस चार जागा, परंतु मतें सुमारें दहा लाख, म्हणजे शेकडा एकाहूनहि कमी. जनसंघास जागा तीनच, पण मतें शेकडा ३.०६. निवडणूक आयोगानें पुढील मान्यतेसाठीं शेकडा तीन मतांची कसोटी लावली, जागांची नव्हे. काँग्रेस, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट व जनसंघ असे चारच पक्ष अखिल भारतीय म्हणून टिकले. महासभेचीं मतें थोड्या मतदारसंघांत एकवटलेलीं होतीं. तेणेंकरून जागा आल्या आणि मान्यता गेली.

१९५७ सालीं महासभेचा एकच सभासद लोकसभेंत गेला. त्याच वर्षीं मावळांतून जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी मुंबई विधानसभेवर निवडून आले; आणि १९७७ सालीं, जनसंघ जनता पक्षांत विलीन झाल्यावर, तेच ठाण्याचे खासदार झाले.