वाहिनी दिसेनाशी होते तेव्हा

१८ फेब्रुवारी २०२३ हा महाशिवरात्रीचा दिवस होता आणि वारही शनिवार होता. दिल्लीत भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटीचा दुसरा दिवस चालू होता. विश्रांतवाडी, टिंगरेनगर, धानोरी, कळस या पट्ट्यात ज्या घरांची केबल काही ठरावीक मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून येते, त्या घरांत दूरचित्रवाणी संच सुरू झाला, परंतु स्टार, झी आणि सोनी या तिन्ही समूहांच्या वाहिन्यांवर चित्र नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी रवींद्र जडेजाने ४२ धावांत ७ गडी बाद केले आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपला. ती गोलंदाजी या घरांनी मोबाइलवर किंवा शेजाऱ्याकडे पाहिली. शेजाऱ्याकडे ती दिसत होती, कारण त्याच्या गच्चीवर छत्री होती. डीटीएच कंपन्यांनी नवे करार केले होते आणि केबल कंपन्यांच्या महासंघाने ते नाकारले होते. एकाच जिन्यावरील दोन घरांत एक चित्र आणि एक अंधार, असा तो प्रकार होता.

हा अंधार केवळ पुण्यापुरता नव्हता. अखिल भारतीय डिजिटल केबल महासंघाच्या म्हणण्यानुसार देशातील सुमारे साडेचार कोटी घरांना त्याची झळ बसली. हॅथवे, डेन, जीटीपीएल यांसारख्या कंपन्या या महासंघात आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ‘ट्राय’ने, नोव्हेंबर २०२२ मध्ये दरनियमांत दुरुस्ती केली आणि ती १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली, हे भांडणाचे निमित्त. २०२० च्या आदेशात गुच्छात, अर्थात ‘पॅक’मध्ये, बसणाऱ्या वाहिनीच्या किमतीची मर्यादा १२ रुपयांवर आणली होती. ती न्यायालयीन वादांत आणि मुदतवाढींत अडकून पडली. नव्या दुरुस्तीने ही मर्यादा पुन्हा १९ रुपये झाली. प्रसारण कंपन्यांनी नवे भाव जाहीर केले. या भाववाढीचा बोजा आमच्या ग्राहकावर पडेल आणि तो केबल सोडून जाईल, असे केबल कंपन्या म्हणाल्या. गेली काही वर्षे भाव गोठलेले आहेत आणि बहुतेक वितरकांनी सह्या केल्या आहेत, असे प्रसारक म्हणाले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर आठवडा पूर्ण होण्याच्या आत केबल कंपन्यांनी करार मान्य केले आणि चित्र परत आले. ज्यांच्या घरी ते गेले होते, त्यांना मात्र ते का गेले आणि का परत आले हे कोणी नीटपणे सांगितले नाही.

व्यापारी कुटुंबाला या भांडणाची जात ओळखीची वाटेल. उत्पादक, घाऊक वितरक आणि किरकोळ दुकानदार यांच्यात मार्जिनवरून कुरबुर होणे हे बाजारात नवीन नाही. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील वितरकांनी कोलगेट कंपनीच्या काही मालाचे वितरण थांबवले होते. मोठ्या संघटित खरेदीदारांना आपल्यापेक्षा कमी भावाने माल मिळतो, ही त्यांची तक्रार होती. त्या दिवसांत दुकानात एक टूथपेस्ट मिळाली नाही, तर गिऱ्हाईक दुसरी उचलून घरी गेले. फरक नेमका येथे आहे. ‘आई कुठे काय करते’ या मालिकेचा उद्याचा भाग दुसऱ्या कोणत्याही दुकानात मिळत नव्हता. साखर, तेल, कापड यांना पर्याय असतो. गेली दोन वर्षे रोज पाहिलेल्या कथेच्या पुढच्या भागाला तो नसतो. म्हणून या व्यापारात माल अडवणाऱ्याच्या हाती जी ताकद येते, ती किराणा बाजारातील कोणत्याही कंपनीच्या हाती येत नाही. प्रेक्षक हा या व्यवहारातील गिऱ्हाईक आहे खरा, पण भांडणाच्या दिवशी तो दोन्ही पक्षांचे हत्यार बनतो: चित्र गेले की तो केबलवाल्याला फोन करतो, आणि त्या फोनांच्या संख्येवर करार लवकर होतो की उशिरा, हे ठरते.

या साखळीतील पैशाची वाटणी एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखी आहे. २०१७ च्या मार्चमध्ये ट्रायने नवी दररचना अधिसूचित केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवली गेली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून घरोघरी लागू झाली. तिच्यात ग्राहकाने दोन गोष्टींचे पैसे द्यायचे होते: पहिल्या १०० वाहिन्यांच्या वहनासाठी जास्तीत जास्त १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे, आणि त्याशिवाय निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची छापील किंमत. झी मराठीची त्या वेळची किंमत १९ रुपये होती. या १९ रुपयांतील किमान वितरण शुल्क २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे. उरलेले १५ रुपये २० पैसे प्रसारकाचे. आदर्श कराराच्या नमुन्यानुसार ३ रुपये ८० पैशांपैकी ५५ टक्के मोठ्या केबल कंपनीचे आणि ४५ टक्के गल्लीतील केबलचालकाचे. केबलचालकाच्या हाती आले १ रुपया ७१ पैसे. वहनशुल्काच्या १३० रुपयांतून त्याला ५८ रुपये ५० पैसे मिळत, तोच त्याचा खरा आधार. त्यातून तारा, खांब, पोरांचे पगार, आणि पावसाळ्यात तुटलेल्या जोडण्यांची डागडुजी. वाहिनी गेली की पहिला फोन ज्याला येतो, ज्याच्या दाराशी लोक उभे राहतात, त्याला त्या वाहिनीच्या भावात काडीचाही अधिकार नाही.

म्हणूनच नवी दररचना लागू होण्याच्या तोंडावर, २७ डिसेंबर २०१८ रोजी, महाराष्ट्रातील केबलचालकांनी सायंकाळी ७ ते रात्री १० या वेळेत प्रक्षेपण बंद ठेवण्याची हाक दिली. ही तीन तासांची वेळ काय विचार करून निवडली होती, हे मराठी घराला समजावून सांगण्याची गरज नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’, ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आणि ‘तुला पाहते रे’ या तिन्ही मालिका त्याच वेळेत एकापाठोपाठ लागत. सकाळी ११ ते दुपारी २ बंद ठेवला असता तर कदाचित फारसे कोणाला कळलेही नसते. प्रसारक असो वा वितरक, या व्यवसायात मुहूर्त असाच पाहिला जातो. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला टाटा स्कायने सोनी समूहाच्या अनेक वाहिन्या आपल्या संचातून काढल्या, तेव्हा ‘कौन बनेगा करोडपती’चे दहावे पर्व ऐन भरात होते. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला आपल्या आवडीची वाहिनी परत मिळवण्यासाठी स्वतःच मिस्ड कॉल द्यावा लागला, ही त्यातील विशेष लाजिरवाणी गोष्ट.

कायद्यात याची काही तजवीज आहे का? आहे, पण ती ज्या बाजूने हवी त्या बाजूने नाही. प्रसारकाने मागणाऱ्या प्रत्येक वितरकाला भेदभाव न करता वाहिनी द्यावी, असा नियम आहे. संकेत तोडण्यापूर्वी किमान तीन आठवड्यांची लेखी सूचना द्यावी आणि पडद्याच्या तळाशी धावत्या ओळीतून प्रेक्षकांना कळवावे, असेही आहे. चित्राखालून सरकत जाणारी ती बारीक अक्षरे बहुतेक घरांत जाहिरात समजून दुर्लक्षिली जातात. सत्तरीच्या पुढील डोळ्यांना ती वाचताही येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे नियम सूचनेची सक्ती करतो, वाद मिटेपर्यंत प्रक्षेपण चालू ठेवण्याची नाही. दोन पक्षांमधला तंटा दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरणापुढे, म्हणजे टीडीसॅटपुढे, चालत राहतो आणि तोवर घरातील पडदा कोराच राहतो.

दूरदर्शनची गोष्ट निराळी. ठरावीक सरकारी वाहिन्या दाखवणे केबलचालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे सह्याद्री या भांडणात सापडत नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी कळसवरून विश्रांतवाडीत येते, तेव्हा रस्त्यावर उतरू न शकणारी वृद्ध मंडळी वारीचे दर्शन पडद्यावरच घेतात. त्यांना ते दर्शन कोणाच्या भाववाढीवर अवलंबून ठेवावे लागत नाही.

मोठ्या वाहिन्यांच्या भांडणांची बातमी होते. लहान वाहिन्या मात्र न बोलता नाहीशा होतात, आणि जैन घरांना याचा अनुभव अधिक. पारस, जिनवाणी यांसारख्या वाहिन्यांवर सकाळी प्रवचन लागते. चातुर्मासात, विशेषतः पर्युषणाच्या दिवसांत, ज्यांना मंदिरात किंवा स्थानकात जाणे जमत नाही, अशा आजी-आजोबांचा दिवस त्या आवाजाने सुरू होतो. या वाहिन्या प्रेक्षकाला फुकट मिळतात. त्यांचा हिशेब उलट दिशेने चालतो. झीसारख्या समूहाला केबल कंपनी पैसे देते. लहान वाहिनीकडून मात्र केबल कंपनी वहनासाठी पैसे घेऊ शकते. २०१७ च्या नियमांनी या शुल्काला मर्यादा घातली: साध्या वाहिनीसाठी दर ग्राहकामागे दरमहा जास्तीत जास्त २० पैसे, उच्च दर्जाच्या चित्रासाठी ४० पैसे, आणि त्या क्षेत्रातील २० टक्के ग्राहकांनी वाहिनी घेतली की शुल्क शून्य. वीस पैसे म्हटले की हसू येते. पण पाच लाख ग्राहकांच्या जाळ्यात ते महिन्याला एक लाख रुपये होतात, आणि अशी जाळी देशात कितीतरी आहेत. ज्या वाहिनीचे उत्पन्न दात्यांच्या देणगीवर आणि थोड्याशा जाहिरातींवर चालते, तिला हे पेलणे सोपे नाही. एखाद्या सकाळी ती आपल्या क्रमांकावर दिसत नाही. तिला दूर कुठे तरी चारशेच्या पुढच्या क्रमांकावर टाकलेले असते, किंवा काढूनच टाकलेले असते. घरातील तरुणाला हे दोन मिनिटांत शोधता येते. आजीला नाही. तिला रिमोटवरचे एकच बटण ठाऊक असते, आणि ते दाबल्यावर महाराजसाहेबांच्या जागी मसाल्याची जाहिरात येते.

विश्रांतवाडीसारख्या वस्तीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दिघी-खडकीच्या संरक्षण आस्थापनांमुळे येथे निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे वसली, निवृत्तीनंतर अनेकजण येथेच राहिले. एका इमारतीत मराठी, मल्याळी, हिंदी, गुजराती वाहिन्यांची मागणी एकाच वेळी असते. मार्च २०१३ च्या अखेरीस पुण्यात केबलचे डिजिटलीकरण झाले आणि प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स आला, तेव्हापासून घरागणिक वेगळी यादी देणे तंत्रदृष्ट्या शक्य झाले. २०१९ च्या रचनेचा हेतूही तोच होता: हवी तेवढीच वाहिनी घ्या, तेवढेच पैसे द्या. प्रत्यक्षात गुच्छ इतके स्वस्त ठेवले गेले की सुट्या वाहिन्या घेणे महाग पडू लागले. २०२२ च्या दुरुस्तीने गुच्छावरील सवलतीला ४५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती याचसाठी. तरीही बहुतेक घरे अजून गुच्छच घेतात, आणि गुच्छातील एक समूह गळाला की पैसे तेच राहतात.

अमेरिकेत हे दृश्य वर्षानुवर्षे परिचयाचे आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबल यांच्या वादात न्यूयॉर्कसह काही शहरांतील घरांना महिनाभर सीबीएस दिसले नाही. २०२३ च्या ३१ ऑगस्टला डिस्ने आणि चार्टर यांचे फिसकटले आणि सुमारे १ कोटी ४७ लाख ग्राहकांच्या घरांतून ईएसपीएनसह अनेक वाहिन्या गेल्या. तेव्हा अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेचे सामने चालू होते. फुटबॉलच्या सोमवारच्या पहिल्या सामन्याच्या काही तास आधी, ११ सप्टेंबरला, समझोता झाला. मुहूर्त तेथेही तसाच पाहिला जातो.

भारतात या ताणाताणीला आता आणखी एक धार आहे: ग्राहकच कमी होऊ लागले आहेत. ट्रायच्या आकडेवारीनुसार सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे ७ कोटी होते. मार्च २०२४ पर्यंत ते सुमारे ६ कोटी २० लाखांवर आले. मुले मोबाइलवर पाहतात, सून टॅबवर पाहते, आणि संचासमोर उरतात ती घरातील वडीलधारी माणसे. वाहिनी गेल्याचा खरा फटका ज्यांना बसतो, ते हेच. जुलै २०२४ मध्ये ट्रायने वहनशुल्कावरील १३० रुपयांचे बंधनही काढून घेतले. आता ते कंपन्यांनी स्वतः ठरवायचे आहे.

मग ग्राहकाच्या हाती काय आहे? आपल्या संचावर कोणत्या वाहिन्या सशुल्क आहेत आणि त्यांची छापील किंमत काय, याची यादी मागण्याचा हक्क त्याला आहे. महिन्याचे बिल भरण्याआधी ती एकदा वहीत उतरवून घेतली, तर वर्षानुवर्षे न पाहिलेल्या कितीतरी वाहिन्यांचे पैसे आपण भरत होतो, हे बहुतेक घरांना कळेल. तक्रार प्रथम कंपनीच्या ग्राहक केंद्राकडे, तेथे दाद न लागल्यास तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची असते. ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. ती ग्राहक आयोगाकडे जाते. परंतु ट्राय कायद्याच्या १४ व्या कलमात एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सेवा देणारी कंपनी आणि ग्राहकांचा समूह यांच्यातील वाद टीडीसॅटपुढे थेट नेता येतो. ज्या न्यायाधिकरणात आजवर प्रसारक आणि वितरक एकमेकांविरुद्ध उभे राहतात, तेथे एखाद्या गृहनिर्माण संस्थेतील साठ-सत्तर सभासद एकत्र येऊन आपले म्हणणे मांडू शकतात.