पेट्रोलचा खर्च आणि सायकलचा हिशेब
मीरा-भाईंदरच्या छोट्या व्यापारी व कारागिरांसाठी

व्यापारात नफा दोन वाटांनी वाढतो. एक तर विक्री वाढावी लागते, नाहीतर खर्च कमी व्हावा लागतो. विक्री गिऱ्हाइकाच्या हाती असते, खर्च मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती असतो. तरीही आपल्यापैकी अनेकांच्या वहीत एक खर्च कधी लिहिलाच जात नाही. तो म्हणजे स्कूटर, मोटारसायकल किंवा मोटारीच्या पेट्रोलचा. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, कारागिरांची मजुरी यांची नोंद होते. पेट्रोलचे शे-दोनशे रुपये मात्र खिशातून जातात आणि विसरले जातात. महिनाअखेरीस गल्ल्यात पैसा का उरला नाही, याचे उत्तर मग सापडत नाही.

मुंबईत पेट्रोलने २९ मे २०२१ रोजी लिटरला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. त्यामुळे आखातात किंवा युरोपात काही घडले की त्याचा भार नया नगरच्या शिंप्यावर आणि भाईंदरच्या भांडी कारखानदारावरही पडतो. भाव ठरवणे आपल्या हाती नाही. पेट्रोल किती जाळायचे, एवढेच आपल्या हाती आहे. या दृष्टीने सायकलीचा विचार नीट हिशेब मांडून करणे आवश्यक आहे.

हिशेब असा मांडावा

समजा, मीरा रोडला एका शिंप्याचे दुकान आहे. घर ते दुकान, दुपारी जेवायला घरी, दोरा-बटणे आणायला बाजारात, संध्याकाळी तयार कपडे पोहोचवायला दोन-तीन ठिकाणी, अशा त्याच्या फेऱ्या मिळून दिवसाला १२ किलोमीटर होतात. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर ३१२ किलोमीटर झाले. वाहतुकीत थांबत-थांबत चालणारी स्कूटर लिटरला ४० किलोमीटर देते असे धरू. म्हणजे पावणेआठ लिटरच्या आसपास पेट्रोल लागले. सोपे पडावे म्हणून भाव १०० रुपये धरला, तरी महिन्याला ७८० रुपये झाले. आपल्या पंपावरचा भाव याहून जास्त असेल, तर खर्चही त्या प्रमाणात जास्त.

यातल्या सगळ्या फेऱ्या सायकलने होणार नाहीत. चारपैकी तीन फेऱ्या झाल्या, तरी महिन्याला ५८५ रुपये आणि वर्षाला सात हजार रुपये वाचतात. साधी, मजबूत काळी सायकल साधारण तेवढ्याच पैशांत येते. म्हणजे सुमारे वर्षभरात सायकलीची किंमत वसूल होते आणि त्यापुढची बचत निव्वळ आपली. हाच व्यापारी मोटार वापरत असेल आणि ती गर्दीत लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर महिन्याला २,६०० रुपयांचे पेट्रोल जळते. तीन-चतुर्थांश फेऱ्या सायकलने केल्यास वर्षाला २३,४०० रुपये वाचतील.

रिक्षाने जाणाऱ्यांनीही हा हिशेब करून पाहावा. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. रोज जाऊन-येऊन दोनदा किमान भाडे दिले, तरी २६ दिवसांचे १,३५२ रुपये होतात.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त खाते. पाच-दहा मिनिटांच्या फेरीत इंजिन पुरते तापतही नाही, तोच आपण गाडी बंद करतो. म्हणजे सर्वांत छोटी फेरी ही किलोमीटरमागे सर्वांत महाग फेरी असते. नेमकी हीच फेरी सायकलने सर्वांत सहज होते.

कोणती फेरी सायकलची?

सायकल घेतली म्हणून स्कूटर विकलीच पाहिजे असे नाही. आठवडाभर एका कागदावर आपल्या फेऱ्या लिहून काढाव्यात: कोठे गेलो, किती अंतर होते, सोबत किती ओझे होते. मग त्यांचे तीन भाग करावेत. तीन-चार किलोमीटरच्या आतील, वीस-पंचवीस किलोपर्यंत ओझ्याच्या फेऱ्या सायकलच्या. लांबच्या किंवा जड मालाच्या फेऱ्या स्कूटर, रिक्षा किंवा टेंपोच्या. आणि काही फेऱ्या मुळात नकोच होत्या, असेही दिसून येईल. सकाळी एकदा विचार केला असता, तर बाजाराच्या दोन फेऱ्यांचे काम एकीत झाले असते.

आपला परिसर या कामाला सोयीचा आहे. खाडी आणि मिठागरांच्या काठची ही जमीन बहुतांशी सपाट आहे. मीरा रोड आणि भाईंदर ही दोन स्थानके एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि मीरा रोड स्थानकापासून काशीमिरा नाकाही सायकलच्या टप्प्यात आहे. सवय झालेला माणूस सायकलने तासाला बारा-पंधरा किलोमीटर सहज कापतो. तीन किलोमीटरला पंधरा मिनिटे लागतात. संध्याकाळच्या कोंडीत स्कूटरलाही कित्येकदा तेवढाच वेळ लागतो.

लोकल आणि सायकल यांची जोड

ज्यांचे काम मुंबईत आहे, त्यांनी एवढे अंतर सायकलने तोडावे असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण आहे. १८९० पासून चालत आलेल्या या धंद्यात लांबचे अंतर लोकल तोडते, आणि घर ते स्थानक व स्थानक ते कचेरी ही दोन टोके सायकल सांभाळते. स्वस्तात, वेळेवर आणि पेट्रोलचा थेंबही न जाळता हा धंदा उभा राहिला. आपणही घरापासून स्थानकापर्यंत सायकलने जाऊन पुढे लोकलचा पास वापरला, तर मोटारीचे पेट्रोल आणि पार्किंग, किंवा रोजची रिक्षा, दोन्ही वाचतात.

२०२० मध्ये साथीच्या काळात लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली आणि १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती त्यांना खुली झाली नाही. त्या महिन्यांत अनेकांनी माळ्यावरची सायकल खाली काढली. अडचणीत उपयोगी पडलेली वस्तू अडचण सरल्यावर पुन्हा माळ्यावर टाकणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

सायकल घेताना आणि ओझे लादताना

मालाची ने-आण करायची असेल, तर गिअरच्या देखण्या सायकलीपेक्षा साधी काळी सायकल बरी. तिला मागे मजबूत कॅरिअर, दोन्ही पायांचा स्टँड, मडगार्ड, चेनकव्हर आणि घंटी असावी. चेनकव्हर नसल्यास पायजमा किंवा लेंगा साखळीत अडकतो. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर टेकवली असता पाय सरळ व्हावा, इतकी सीटची उंची ठेवावी. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि सायकल दोन दिवसांत नकोशी होते.

ओझे हँडलला टांगू नये; वळताना तोल जातो. जड वस्तू कॅरिअरवर मध्यभागी ठेवावी किंवा दोन्ही बाजूंच्या थैल्यांत सारखी वाटावी, आणि रबरी पट्ट्यांनी घट्ट बांधावी. वायरमन, प्लंबर, सुतार यांची हत्यारांची पेटी अशी उत्तम बसते. कापड पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद कायम सोबत ठेवावा.

सायकल व तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. खरेदी करताना दुकानदाराकडून बिल घ्यावे आणि कर किती लावला ते पाहावे. वयामुळे किंवा गुडघ्यांमुळे ज्यांना पेडल मारणे जड जाते, त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग, या मर्यादेतील सायकलीला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. मात्र तिची किंमत साध्या सायकलीच्या कित्येक पट असते, म्हणून हिशेब वेगळा मांडावा.

निगा आणि सावधगिरी

आठवड्यातून एकदा हवा तपासावी. हवा कमी असली की सायकल जड चालते आणि दोष आपण वयाला देतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज लवकर चढतो, म्हणून साखळीला नियमित तेल द्यावे. पावसाळ्यात तर आठवड्याला द्यावे. स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक नीट धरत नाही. पावसात वेग कमी ठेवावा आणि ब्रेक नेहमीपेक्षा आधी दाबावा. कुलूप केवळ चाकाला न लावता साखळीने खांबाला किंवा जाळीला लावावे.

रस्त्याबाबत भाबडेपणा नको. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकलसाठी वेगळा मार्ग बांधण्यात आला होता, पण त्यावर गाड्याच उभ्या राहू लागल्या. तेव्हा वेगळ्या मार्गाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, आणि तो नाही हे विसरण्यातही नाही. काशीमिऱ्याजवळचा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदरकडे जाणारा रस्ता अवजड ट्रकांचा आहे. तेथे सायकल घालू नये. थोडा वळसा पडला तरी वस्तीतल्या आतल्या रस्त्यांनी जावे. उभ्या मोटारींपासून हातभर अंतर ठेवावे, कारण दार अचानक उघडते. रात्री पुढे दिवा आणि मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी हवीच. डोक्याला हेल्मेट घालावे. अपघातात हात मोडला, तर कारागिराची महिनाभराची कमाई जाते; तेथे वाचवलेल्या पेट्रोलचा काय उपयोग?

प्रश्न मानाचा

खरी अडचण रस्त्याची किंवा पावसाची नसतेच. अडचण असते ती लोक काय म्हणतील याची. काल स्कूटरवर फिरणारा माणूस आज सायकलवर दिसला, तर बाजारात कुजबुज होईल, धंदा बसला असे लोक समजतील, माल उधार देणारा व्यापारी हात आखडता घेईल, अशी भीती वाटते. ही भीती अगदीच खोटी नाही. बाजारात पत ही मोठी गोष्ट आहे. पण पत कशाने टिकते? घाऊक व्यापाऱ्याचा पैसा ठरल्या तारखेला पोहोचला तर पत टिकते. हप्त्याने घेतलेल्या गाडीवर बसून देणे थकवणाऱ्या माणसाची पत कोणीच मानत नाही. सायकल रोखीने येते. तिच्यावर हप्ता नाही, व्याज नाही, विमा नाही.

१९७३ च्या तेलटंचाईत हॉलंडमध्ये ४ नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी घालण्यात आली होती. तो देश गरीब नव्हता. आज तेथे श्रीमंत माणसेही सायकलने कामाला जातात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडेही पहाटे सायकलवरून पाव पोहोचवणारा माणूस कष्टाने घर चालवतो. त्याच्या वाहनात लाज वाटावी असे काही नाही.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. पुढचा महिनाभर पेट्रोलचा खर्च वहीत वेगळ्या पानावर लिहावा. दुसऱ्या महिन्यात तीन-चार किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या सायकलने करून तोच खर्च पुन्हा लिहावा. दोन्ही बेरजा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. जो फरक निघेल, तो खिशात मुरू न देता वेगळा ठेवून सणाच्या आधीच्या मालात गुंतवावा. छोट्या धंद्यात भांडवल असेच थोडे-थोडे करून उभे राहते.